बिनधारेची संगीन



नांदेडला सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात संध्याकाळी रहिरासचा पाठ संपला, तरी संगत जागची हलत नाही. शस्त्रदर्शन व्हायचं असतं. एकेक शस्त्र हाती घेऊन दाखवतात, त्याची ओळख सांगतात, आणि माना आपोआप लवतात. गुरू गोबिंदसिंगजी 1708 साली इथेच ज्योती जोत समावले. शस्त्रांचं रणांगण सुटलं, मान सुटला नाही.

आज बोलायचं आहे ते मात्र रणांगणासाठी घडवलेलंच नाही अशा एका शस्त्राबद्दल. जर्मन सैनिकाची मिरवायची संगीन! संगीन आपल्याला नवखी नाही, आणि जर्मन पोलादही नाही. झोलिंगेन गावची पाती मराठ्यांच्या काळात इकडे येत. परदेशी पात्याच्या तलवारीला आपण ‘फिरंग’ म्हणायचो.

त्याच झोलिंगेनमध्ये पुढे ही संगीन बनू लागली. लढाईची संगीन सरकारी; ही शिपायानं पदरच्या पैशानं घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी गणवेशावर लटकवून गावात फिरायचं. निकेलचा मुलामा, काळी खवल्यांची मूठ, धार मुळीच नाही. बंदुकीवर बसवायची खाच पुष्कळदा नावापुरती, कधी तीत लाल बनातीची पट्टी. पात्याच्या बुडाशी कारखान्याची खूण असते. आइकहॉर्न कारखान्याची ओळख म्हणजे चक्क खारूताई! संग्राहक आधी ती खार शोधतात.

काही पात्यांवर जर्मनमध्ये एक ओळ कोरलेली असते. अर्थ असा: ‘माझ्या सेवाकाळाची आठवण’. इथे मी थबकतो. जर्मनीत 1935 साली सक्तीची लष्करी भरती पुन्हा सुरू झाली, 1936 मध्ये मुदत दोन वर्षांची झाली. पोरानं हिशेब केला असेल, दोन वर्षं काढू, घरी जाऊ, संगीन भिंतीवर टांगू. सेवा संपण्याआधीच त्यानं तिची आठवण विकत घेतली. 1939 साली महायुद्ध पेटलं. त्या सैन्यानं अर्धा युरोप तुडवला, आणि त्यातली कितीतरी पोरं घरी परतलीच नाहीत.

म्हणून, अशी वस्तू हाती आली तर दोन गोष्टी पाळा. पहिली, घरी आणण्यापूर्वी शस्त्र कायद्याची चौकशी करा. 1959 च्या कायद्याखालच्या नियमांत संगिनीचं नाव आहे. दुसरी, ती घासूनपुसून लख्ख करू नका. मुलाम्याबरोबर कोरलेली ओळही झिजते.

खंडेनवमीला आपल्या घरी कोयता-विळा धुऊन पुजला जातो, आणि सण सरला की पुन्हा कामाला लागतो. या संगिनीला पुन्हा जायला काम नाही. तिच्याजवळ आहे ती एवढी एक ओळ, आणि ‘माझ्या’ म्हणणारा तो कोण, हे पात्यावर कुठेच लिहिलेलं नाही.