शनिवारची 'सुट्टी'

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



तुमच्या हातातलं मसाला दूध आमच्या शेळीचं नाही, तेव्हा निर्धास्त प्या. मी आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसून लोकांच्या डेटाबेसची दुखणी निस्तरतो. त्यामुळे पुष्कळांना वाटतं की शनिवार-रविवारी हा शेतावर आराम करतो. तो आराम कसा असतो, ते गेल्याच शनिवारवरून सांगतो.

न्यू जर्सीत आमची साडेसहा एकर जागा आहे. चार शेळ्या, अठरा कोंबड्या आणि भाजीचा मळा. इथे १९६४ च्या कायद्याप्रमाणे घराखालची जागा सोडून किमान ५ एकर शेतीखाली हवी आणि वर्षाला निदान १,००० डॉलरचा माल विकायला हवा, तरच शेतजमिनीच्या दराने कर लागतो. म्हणजे हौस असली तरी हिशेब ठेवावाच लागतो!

सकाळी सहाला कोंबड्या. त्यांच्यासाठी बूट वेगळे. २०२२ पासून अमेरिकेत बर्ड फ्लू आहे आणि तो रानबदकांच्या विष्ठेतून येऊ शकतो, म्हणून दाणापाणी झाकूनच ठेवतो. अंडी मिळाली पाच. भरपूर अंडी द्यायला कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो, आणि ऑक्टोबरात दिवस आखडतो. तक्रार कोणाकडे करणार?

मग शेळ्या. दूध काढून झालं की मी प्रत्येकीच्या डोळ्याची खालची पापणी उघडून बघतो. आतली त्वचा लालबुंद असली तर उत्तम. आमच्या सगळ्यात लहान शेळीची मात्र फिकट, जवळजवळ पांढरी दिसली. हे जंताचं लक्षण. हा जंत शेळीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पितो. त्याच्या अळ्या गवताच्या खालच्या दोन-तीन इंचांत असतात, म्हणून कुरण फार खुरटं होऊ द्यायचं नसतं. पापणीचा रंग ताडून बघायला दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला एक तक्ता मिळतो. १ म्हणजे लाल, ५ म्हणजे पांढरी. ही चारवर होती.

लातूरकडे माझे आजोबा उस्मानाबादी शेळ्या पाळायचे. तक्ता-बिक्ता काही नाही, पण बाजारात शेळी घेताना तेही आधी पापणी उलटून बघत. गंमत म्हणजे आमच्या न्युबियन शेळ्यांचे लांब कानही मूळचे आपल्या जमनापारी जातीकडून आलेत.

डॉक्टरांना फोन केला. ताप १०२ अंश, म्हणजे शेळीला नॉर्मलच. जबड्याखाली सूज नव्हती. टेपने छातीचा घेर मोजला, त्यावरून वजन काढलं आणि औषध पाजलं. फक्त तिलाच. सरसकट सगळ्यांना पाजलं तर औषधाला दाद न देणारे जंतच मागे उरतात.

एवढ्यात बायकोने हाक मारली, "अरे, आज रात्री ३१ अंश दाखवतायत!" म्हणजे पहिलं दहिवर गोठणार. टोमॅटो, मिरच्या, वांगी, भेंडी एका रात्रीत काळी पडणार. कोबी आणि केल यांना काही होत नाही, उलट केल गोड लागते. मग मुलांसकट सगळे मळ्यात. अंधार पडेपर्यंत सात टोपल्या भरल्या. मिरच्यांच्या उरलेल्या ओळीवर आईची जुनी सुती पातळं पांघरली. हिरवे टोमॅटो घरात हळूहळू पिकतात. न पिकलेल्यांची तीळ घालून चटणी.

रात्री दहाला बॅटरी घेऊन गोठ्यात गेलो. ती कोपऱ्यात बसून रवंथ करत होती. मला तेवढं पुरे झालं.

आज सकाळी पुन्हा पापणी बघितली. रंग अजून फिकटच आहे. रक्त भरून यायला काही आठवडे जातात. ती जगेल असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण वैरण खातेय. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की बरेचदा काम भागतं. शेळीच्या बाबतीत तसं बटण नाही. रोज उठून बघावंच लागतं. माझ्या दहा वर्षांच्या मुलीला आता हे कोणी सांगावं लागत नाही. शाळेत जायच्या आधी ती स्वतःच गोठ्यात जाते. शेतावरची खरी कमाई हीच.

पुढच्या शनिवारी लसूण लावायचाय. आत्ता लावला की जुलैत निघतो. मुलांना घेऊन या. जुने बूट आणा. चहा आणि चटणी-भाकरी आमच्याकडे!