प्लाझ्मा बदलला, तरी गोळ्या का?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात दूषित पाण्यानंतर नसांवर हल्ला करणाऱ्या गिया-बारे आजाराची साथ आली. काही रुग्णांचा प्लाझ्मा बदलावा लागला, आणि ‘प्लाझ्मा’ हा शब्द आपल्या वणीतही घराघरांत पोहोचला.

अशा आजारांत आपल्याच पेशींवर उलटलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) रक्तातल्या पिवळसर द्रवात, म्हणजे प्लाझ्मात असतात. यंत्र एका वेळी सुमारे ३ लिटर प्लाझ्मा काढतं, बदली अल्ब्युमिन देतं आणि रक्तपेशी परत सोडतं. गिया-बारेचा हल्ला बहुधा एकदाच होतो, म्हणून तिथे प्लाझ्मा बदलण्याच्या काही फेऱ्या सहसा पुरतात.

स्नायू दुबळे करणाऱ्या मायस्थेनियात किंवा फुफ्फुसं-मूत्रपिंडांवर हल्ला करणाऱ्या गुडपाश्चर आजारात मात्र प्रतिपिंडांचा कारखाना सुरूच राहतो. घरात शिरलेलं पाणी उपसायचं, पण नळ उघडाच ठेवायचा, असं कसं चालेल? तो नळ बंद करतात स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. त्यांना वेळ लागतो. तोवर प्लाझ्मा बदलून जीव सावरतात. १९७०च्या दशकात लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात गुडपाश्चरसाठी ही जोडी वापरली गेली.

पण ही जोडी सगळीकडे लागू पडत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, ७०४ रुग्णांच्या चाचणीत रक्तवाहिन्यांच्या एका आजारात औषधांसोबत प्लाझ्मा बदलल्याने मृत्यू किंवा मूत्रपिंड निकामी होणं कमी झालं नाही.

पापणी पडणं, गिळताना अडकणं, थुंकीत किंवा लघवीत रक्त दिसणं अंगावर काढू नका. श्वास अडखळला तर लगेच १०८ला फोन करा. आणि नागपूर-सेवाग्रामच्या रुग्णालयातून बरं वाटून परतलात, तरी गोळ्या मनाने सोडू नका. या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.