विरोधी पक्षाची वही

(लोणी काळभोर येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



सभास्थानी येताना एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, ''केंद्रात आणि राज्यात आपल्या विचारांचे सरकार असताना विरोधी पक्षाने काय करावे, याची चिंता आपण कशाला वाहायची?'' प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, आपल्या चळवळीची बहुतेक हयात विरोधी बाकांवर गेली. तेथे ठेचा खाऊन जे शिकलो, ते सत्तेच्या दिवसांत विसरायला फार काळ लागत नाही.

पहिली ठेच १९७१ची. इंदिराजींनी 'गरिबी हटाओ'ची घोषणा दिली. संघटना काँग्रेस, स्वतंत्र पक्ष, संयुक्त समाजवादी आणि जनसंघ यांच्या बड्या आघाडीची घोषणा काय होती? 'इंदिरा हटाओ'! एका बाजूला माणसाच्या घरातील दैन्याचा उच्चार आणि दुसऱ्या बाजूला एका व्यक्तीचा द्वेष, असे चित्र मतदारापुढे उभे राहिले. घोषणा पोकळ होती, हे पुढे महागाईने सिद्ध केले. पण मतदानाच्या दिवशी ती पोकळ आहे हे कोणी पटवून दिले नव्हते. काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या, महाराष्ट्रात ४५ पैकी ४२. जनसंघ ३५ वरून २२ वर आला.

दुसरी ठेच आपल्या महाराष्ट्रातली, आणि या गावाला जवळची. २००४च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी शिवसेनाप्रमुखांनी शेतकऱ्यांना मोफत विजेचे आश्वासन दिले. सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने ते अलगद उचलले आणि मतदानापूर्वीच अमलात आणले. विरोधी पक्ष बोली लावू शकतो, पण तिजोरीची किल्ली सरकारच्या कमरेला असते. राष्ट्रवादीला ७१, काँग्रेसला ६९, शिवसेनेला ६२ आणि भाजपला ५४ जागा मिळाल्या. पुढे विलासराव देशमुखांच्या सरकारने २००५मध्ये ती सवलत गुंडाळली. मुळा-मुठेच्या कालव्यावर आणि विहिरींवर ऊस पिकवणाऱ्या या पट्ट्यात त्या वर्षांतले भारनियमन कोण विसरेल? वीज फुकट की विकत, हा वाद घालण्याआधी ती तारेत असावी लागते! त्या निवडणुकीत विरोधकांनी नेमके हेच विचारायला हवे होते. वीज किती निर्माण होते, किती गळते, रोहित्र जळाले तर किती दिवसांत बदलले जाते? तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणच गमावला होता, कारण तेच आश्वासन आपल्या युतीच्याही तोंडी होते.

आता परकी उदाहरणे सांगून मोकळे होणे सोपे आहे, म्हणून घरचेही सांगतो. १९९५मध्ये युतीचे सरकार आले ते गोपीनाथ मुंड्यांच्या संघर्षयात्रेतून, सरकारच्या कारभारावर गावोगाव केलेल्या आघातांतून. त्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली. हेतू चांगला होता. पण केंद्रांच्या जागांचे पुढे काय झाले, हे पुणेकरांना सांगायला नको.

आणि अलीकडचे, २०२४चे. लाडकी बहीण योजनेत महिना दीड हजार रुपये खात्यात जमा होऊ लागले. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजनाही त्याच वर्षी आली. महाविकास आघाडीने आधी तिजोरीच्या नावाने गळा काढला आणि मग स्वतः तीन हजारांचे आश्वासन दिले. हातात आलेले दीड हजार सोडून कागदावरच्या तीन हजारांमागे भगिनी गेल्या नाहीत. एकाही विरोधी पक्षाला २९ आमदारांचा आकडा गाठता आला नाही. निकालाचा आनंद आपणा सर्वांना झाला. परंतु तिजोरी आता आपल्या सरकारची आहे, आणि २००४चा प्रश्न आता आपल्याला विचारला जाणार आहे. विरोधकांनी नाही विचारला, तर वीजबिल विचारील.

एक पथ्य मात्र कोणत्याही विरोधी पक्षाने पाळावे. घेणाऱ्याला हिणवू नये. दीड हजारांत मुलाची वही आणि सासूचे औषध आणणारी बाई लाचार नसते. तिच्याशी बोलायचे ते पैसे घेतल्याबद्दल नव्हे; गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर का नाही, याबद्दल. १९७२च्या दुष्काळकाळात मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. विचारांनी त्या आपल्यापासून दूर. पण रॉकेल, तेल, धान्य यांचे भाव त्यांना पाठ होते. 'गरिबी हटाओ'ला खरे उत्तर त्या मोर्चांनी दिले.

आपल्याकडे ही रीत रामभाऊ म्हाळगींची. १९५७मध्ये ते आपल्या जिल्ह्यातल्या मावळातून आमदार झाले. विरोधी बाकावरचा हा माणूस आपल्या कामाचा अहवाल छापून मतदारांपुढे ठेवत असे. कोणता प्रश्न मांडला, काय उत्तर आले, कोणते काम अडले, याचा हिशेब. सरकारला हिशेब विचारणाऱ्याने आधी स्वतःचा द्यावा, असा हा साधा व्यवहार. त्यात टाळ्यांची वाक्ये नसत. १९८०मध्ये इंदिराजी पुन्हा प्रचंड बहुमताने आल्या, आपले भले भले उमेदवार पडले. त्या लाटेत ठाण्याच्या मतदारांनी रामभाऊंना पुन्हा लोकसभेत पाठवले.