एकच ताप, दोन मोजपट्ट्या

मी शब्दांत रमणारा माणूस. मराठीतला ‘ताप’ हा शब्द मला फार आवडतो. सूर्याचाही ताप आणि अंगातलाही तापच. अम्मी पालथा हात कपाळावर ठेवून ताप ओळखायची. आपण मात्र एकाच तापाला दोन मोजपट्ट्या लावतो. मे महिन्यात धंतोलीतल्या कुठल्याही दवाखान्यात जा. आत रुग्णाला १०४ ताप, बाहेर पारा ४५. वाटते, १०४ भयंकर आणि ४५ त्या मानाने बरे!

अंगाचा ताप आपण फॅरनहाइटमध्ये सांगतो, हवेचा सेल्सिअसमध्ये. बर्फ सेल्सिअसच्या शून्यावर वितळतो, पाणी शंभरावर उकळते. फॅरनहाइटमध्ये हेच आकडे ३२ आणि २१२. हिशेब सोपा आहे. सेल्सिअसचा आकडा दुप्पट करा, आलेल्या उत्तराचा दहावा भाग वजा करा आणि ३२ मिळवा. ४५ चे झाले ९०, त्यातून ९ गेले, उरले ८१; ३२ मिळवले की ११३. उलट जायचे तर आधी ३२ वजा करा, मग पाचाने गुणून नवाने भागा. १०४ म्हणजे बरोबर ४०. ज्या तापाने घर रात्रभर जागे राहते, त्याहून पाच अंश जास्त रस्त्यावरच्या हवेत असतात.

हा हिशेब बातमी वाचतानाही कामी येतो. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली. म्हणजे जवळपास १३३ फॅरनहाइट. जगाचा मान्य उच्चांक १९१३ सालचा, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १३४. आपण त्याच्या इतके जवळ? पुढे हवामान खात्याने संवेदकात बिघाड असल्याचे स्पष्ट केले.

प्रत्येक पदार्थाचा द्रवणांक वेगळा. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळते. म्हणून डिसेंबरात थिजते आणि मेमध्ये पाण्यासारखे वाहते. पारा उणे ३९ ला वितळतो, म्हणून थर्मामीटरमध्ये नेहमी पातळच. उकळण्याचा अंक तर जागेप्रमाणेही बदलतो. चिखलदऱ्याच्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो.

पण वाफ व्हायला पाणी उकळावेच लागते असे नाही. माठ पाझरतो, कूलरच्या ताट्या ओल्या राहतात, त्यातले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला शंभर कॅलरी लागतात. त्याची वाफ करायला आणखी ५४०. आपला घाम हेच काम करतो. शरीर ३७ अंशांवर असते. हवा त्याहून तापली की शरीराला उष्णता बाहेर टाकायला घामाशिवाय मार्ग उरत नाही. अंगातले पाणी कमी पडले की शरीरही ४० च्या पुढे जाऊ लागते.

इथे मात्र आपला लाडका शब्द घात करतो. आकडा १०४ चाच, पण हा आजाराचा ताप नव्हे, उष्माघात आहे. त्यावर तापाची गोळी चालत नाही. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, भोवळ येऊन पडला, तर त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

नवतपा दरवर्षी येणारच. बातम्यांत ४५ ऐकले की मनात ११३ म्हणा, आणि दुपारी दारावर येणाऱ्याला, काम विचारण्याआधी, पाणी विचारा.