ऐच्छिक विषयाची निवड आणि गावची जमीन



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. शाखा कोणती घ्यावी, मुख्य विषय कोणता असावा, यावर बराच खल होतो. मुख्य विषयाबरोबर जो एखादा ऐच्छिक विषय घ्यावयाचा असतो, त्याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. ज्याचा तास सोयीच्या वेळी आहे, ज्यात गुण सहज मिळतात असे ऐकिवात आहे, तो विषय अर्जावर लिहिला जातो. भूगोल आणि भूशास्त्र या विषयांची निवड पुष्कळदा अशाच कारणाने होते आणि अशाच कारणाने टळतेही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार विद्यार्थ्यास आपल्या शाखेबाहेरचा विषयही घेता येतो. त्यामुळे हा प्रश्न आता केवळ कला किंवा विज्ञान शाखेपुरता उरलेला नाही.

पायाखालचा खडक

एका शेतात विंधन विहिरीस भरपूर पाणी लागते आणि बांधापलीकडच्या शेतात तेवढ्याच खोलीवर नुसती धूळ निघते, हा अनुभव महाराष्ट्रात नवा नाही. मग कोणी नशिबास दोष देतो, तर कोणी पाणाड्यास बोलावून हातावर नारळ धरावयास लावतो. कर्ज मात्र शेतकऱ्याच्याच डोक्यावर राहते.

यामागील कारण खडकात आहे. राज्याचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हारसाच्या काळ्या खडकाने, म्हणजे बेसाल्टने व्यापलेला आहे. एकसंध कातळात पाणी साठत नाही. ते साठते खडकाच्या भेगांत, झिजून सुट्या झालेल्या मुरमात आणि दोन थरांमधील सच्छिद्र पट्ट्यात. या भेगा व पट्टे सर्वत्र सारखे नसतात, म्हणूनच शेजारच्या दोन विहिरींचे दैव वेगळे ठरते. कोकणातील जांभा, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आणि चंद्रपूरकडील कोळसा असलेले थर यांची तऱ्हा आणखी निराळी. प्रास्ताविक अभ्यासक्रमातील विद्यार्थी हे पहिल्याच वर्षी शिकतो.

दोन विषय, एकच जमीन

भूगोल आणि भूशास्त्र यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. भूशास्त्र हे खडक, खनिजे, भूकंप आणि पृथ्वीचे अंतरंग यांचे शास्त्र असून ते विज्ञान शाखेत शिकविले जाते. भूगोल जमिनीचे रूप, हवामान, पाणी, शेती आणि वस्ती यांचा परस्परसंबंध पाहतो व तो बहुधा कला शाखेत असतो. महाबळेश्वरास वर्षाकाठी सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि अवघ्या तीस-पस्तीस किलोमीटरांवरील वाईस त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकाच. तो असा का, आणि त्यामुळे पीक व घराचे छप्पर कसे बदलते, हे भूगोल सांगतो. महाबळेश्वरचा डोंगर ज्या थरांनी घडला ते थर भूशास्त्र उलगडते. रसायनशास्त्राची आवड असणाऱ्यास पहिल्यापेक्षा दुसरा विषय जवळचा वाटेल; समाज आणि प्रशासन यांत रस असणाऱ्यास भूगोल अधिक उपयोगी पडेल. दोन्हींच्या आरंभीच्या पाठांना फार मोठ्या गणिताची आवश्यकता नसते. निरीक्षणाची मात्र असते.

नकाशा वाचण्याचे मोल

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर अंतर. त्यावरील समोच्च रेषा जेथे दाटीने येतात तेथे उतार तीव्र असतो. ही साधी बाब ज्यास कळते, त्यास आपली वाडी कोठे वसली आहे तेही कळते.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेवर माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी यांच्यावरही तोच प्रसंग ओढवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली, त्यात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदांचे ओझे यांचा मोठा वाटा होता. भूकंपाची वेळ कोणतेही शास्त्र आधी सांगू शकत नाही. परंतु घर कसे बांधावे, हे ते सांगू शकते.

एका वर्षाच्या अभ्यासाने कोणी भूशास्त्रज्ञ होत नाही, हे खरे. तथापि डोंगरउतारावर नवी भेग पडली, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर ते दुर्लक्षिण्याजोगे नाही आणि तत्काळ तहसील कार्यालयास कळविले पाहिजे, एवढी समज त्याच्या अंगी येते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा अहवाल ग्रामसभेत वाचून समजावणारा एखादा तरी तरुण गावात असणे, ही लहान गोष्ट नव्हे. हिवरे बाजारच्या ग्रामसभेने पावसाचा हिशेब मांडून पिके ठरविली आणि शेतीसाठी विंधन विहिरी घेणे बंद केले. त्या निर्णयाच्या मुळाशी जमिनीखालच्या पाण्याची हीच जाण होती.

निवड करताना

विद्यार्थ्यास सल्ला देताना शिक्षकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, अभ्यासक्रमात प्रात्यक्षिके आहेत किंवा नाहीत. खडकाचा नमुना हाती न घेता भूशास्त्र आणि नकाशा न उलगडता भूगोल शिकणे व्यर्थ होय. दुसरी, क्षेत्रभेट होते किंवा नाही. तिसरी, उपग्रहचित्रे आणि संगणकीय नकाशे यांची तोंडओळख होते किंवा नाही. स्पर्धा परीक्षांत भूगोल उपयोगी पडतो, हा लाभ आहेच. पण निवडीचे ते एकमेव कारण असू नये.

क्षेत्रभेटीसाठी फार दूर जाण्याचीही गरज नाही. गावात नवी विहीर खणली जात असेल, तर तिच्या कडेला माती, मुरूम आणि कातळ हे थर उघडे पडलेले असतात. ग्रामपंचायतीने महाविद्यालयास तसे कळवावे आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तेथे न्यावे. विहिरीच्या काठावर पाहिलेले ते थर ज्याच्या ध्यानात राहतील, तो पुढे सरपंच होवो, ग्रामसेवक होवो की शेतकरी, विंधन विहिरीसाठी कर्ज काढण्यापूर्वी खालच्या खडकाची चौकशी केल्यावाचून राहणार नाही.