गाडीची रांग आणि विक्रेत्याची वही



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘मोटारगाडीची नोंदणी’ असे सांगितले. ते जरा घुटमळले. कामगारांचा माणूस आहे, किमान वेतनावर बोलेल, कोळशावर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी, आणि ती चुकीची नव्हती. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण भद्रावतीच्या वाचनालयाच्या बाकावर आणि खाणीच्या फाटकावर झाले. स्वतःची मोटार मजकडे आजही नाही. पण आगाऊ पैसे भरून वाट पाहणारा माणूस मी घरातच पाहिला आहे.

माझे वडील माजरीच्या कोळसा खाणीत होते. 1976 साली त्यांनी स्कूटरसाठी नंबर लावला. पावती रेशनकार्डाच्या डब्यात ठेवली. दर दोन-तीन महिन्यांनी सुटी पाहून ते एस.टी.ने विक्रेत्याकडे जात. मीही पुढे त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. कारकून जाड वही उघडी, पण ती स्वतःकडे तोंड करून. पानावरून बोट फिरवी आणि म्हणे, “सरकतो आहे नंबर, काका.” किती सरकला, पुढे किती उरले, हे त्याने कधी सांगितले नाही आणि वडिलांनी कधी विचारले नाही. खाणीत साहेबाशी भांडणारा माणूस त्या टेबलापुढे टोपी हातात घेऊन उभा राही, याचा मला मोठा राग येई. मध्यंतरी गावातल्या एका लाकडाच्या ठेकेदाराच्या दारात नवी स्कूटर उभी राहिली. त्याने ‘ऑन’ किती दिला याची चर्चा चहाच्या टपरीवर उघड चाले. आमची गाडी 1985 मध्ये आली. पैसे घेतले ते नोंदणीच्या दिवसाच्या भावाने नव्हे, गाडी मिळण्याच्या दिवसाच्या भावाने. तोवर वडिलांना दम लागू लागला होता. किक त्यांना मारवेना. गाडी चालवली ती मी.

असे का होत होते? 1951 च्या उद्योग नियमन कायद्याने कोणी काय काढावे आणि किती काढावे हे परवान्यावर ठरू लागले. बजाजांनी 1948 पासून व्हेस्पा परदेशातून आणून विकल्या, 1959 मध्ये इथे बनवण्याचा परवाना मिळवला, आणि 1972 मध्ये आकुर्डीतून ‘चेतक’ बाहेर पडली. राणाप्रतापाच्या घोड्याचे नाव तिला दिले; पण हा घोडा दारात यायला काही ठिकाणी दहा वर्षे लागत. मोटारींचेही तेच. कुर्ल्याची फियाट, कलकत्त्याजवळची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढ्यातच देशाची निवड संपे. कारखान्यातले आमचे कामगार बंधू जास्त गाड्या काढायला तयार होते. अडचण हाताची नव्हती, कागदाची होती.

1991 नंतर परवान्याचे राज्य उठले, मोटारींवरचे बंधनही 1993 मध्ये गेले. रांग आता संपेल असे आम्हांला वाटले. पण ती गेली नाही. चाकणला बनणाऱ्या एक्सयूव्ही 700 या गाडीची नोंदणी 7 ऑक्टोबर 2021 रोजी उघडली आणि 57 मिनिटांत 25,000 लोकांनी नाव लावले. 30 जुलै 2022 रोजी स्कॉर्पिओ-एन या गाडीला अर्ध्या तासात एक लाख नोंदण्या झाल्या. प्रारंभीची किंमत पहिल्या 25,000 जणांपुरतीच होती. बाकीच्यांना पुढचा भाव. संगणकीय चिपांचा जगभर तुटवडा होता हे खरे आहे, आणि त्याबद्दल एकट्या कारखानदाराला दोष देणे न्यायाचे नाही.

काही गाड्या तर मुद्दामच थोड्या काढतात. इटलीच्या फेरारी कंपनीने ‘लाफेरारी’ नावाची शर्यतीच्या ढंगाची गाडी 2013 मध्ये दाखवली आणि विक्रीसाठी 499 एवढ्याच काढायचे ठरवले. ती कोणाला द्यायची हे कंपनी ठरवी, आणि पसंती जुन्या गिऱ्हाइकांना. म्हणजे कोट्यवधी रुपये खिशात असलेला शेठही तिथे टोपी हातात घेऊन उभा! हे वाचले तेव्हा मला वडिलांची आठवण झाली, आणि खरे सांगतो, थोडे बरेही वाटले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका सभासदाचा मुलगा संघटनेच्या कचेरीत आला. त्याने एका मोटारीची नोंदणी केली होती. विक्रेता सांगे, “माल कमी येतो. आमच्याकडूनच विमा घ्या, पन्नास हजारांच्या अ‍ॅक्सेसरीज घ्या, मग पाहू.” त्याच्यामागून नोंदणी केलेल्या एकाला गाडी मिळाली होती. मुलगा म्हणाला, “काका, मोर्चा काढता का?” मी म्हटले, मोर्चा नको, आधी नंबर माग.

हे मी कोठून शिकलो ते सांगतो. कोळसा भरणाऱ्या ठेका-मजुरांत मी काम सुरू केले तेव्हा सकाळी फाटकावर मुनशी हजेरीची वही उघडून नावे पुकारी. ज्याचे नाव पुकारले त्याला काम, बाकीचे परत. ज्याने आदल्या संध्याकाळी मुनशीला बाटली दिली त्याचे नाव आधी येई. आमची पहिली मागणी मजुरी वाढवा ही नव्हतीच. जुन्या-नव्याच्या क्रमाने यादी करा आणि ती फाटकाच्या भिंतीवर लावा, एवढीच होती. मजुरीवर ठेकेदार बोलायला तयार होता. यादीला मात्र तो सोळा दिवस अडला. यादी लागली त्या दिवशी कामाचे दिवस एकाही मजुराचे वाढले नाहीत, पण बाटल्या बंद झाल्या.

त्या मुलाकडून आम्ही अर्ज लिहून घेतला. माझा क्रमांक कितवा, माझ्या आधीचे किती बाकी, मागच्याला गाडी कशी गेली, एवढे तीनच प्रश्न. खाली 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा उल्लेख केला. एक वस्तू हवी तर दुसरीही घेतलीच पाहिजे अशी सक्ती करणे, किंवा ठरल्या मुदतीपेक्षा उशीर करून ग्राहकावर भाववाढ लादणे, हे या कायद्याच्या व्याख्येत ग्राहकाला जाचणाऱ्या व्यापारी प्रथांमध्ये मोडते. तक्रार आपण राहतो तेथल्या जिल्हा आयोगाकडे करता येते. विक्रेता नागपूरचा असला तरी चंद्रपुरात. हे फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

अर्जाची पोच द्यायला विक्रेत्याचा माणूस आधी तयार नव्हता. मुलगा तिथल्या खुर्चीवर दुपारी चारपर्यंत बसून राहिला. नवव्या दिवशी छापील कागदावर उत्तर आले: क्रमांक 41, आधीचे बाकी 40, विम्याची सक्ती नाही. मागच्याला गाडी कशी गेली, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यात नव्हते. मुलाने दुसरा अर्ज लिहिला आहे.