हौस कोठे संपते, व्याधी कोठे सुरू होते?



दसरा-दिवाळीला घरात नवी वस्तू येणे हा आनंदाचा विषय असतो. साडेतीन मुहूर्तांची खरेदी आधी विचारविनिमयाने ठरते, ऐपतीप्रमाणे होते आणि तिच्या आनंदात सारे कुटुंब सहभागी होते. परंतु एखाद्या घरात न उघडलेली खोकी कपाटामागे साठू लागतात, बिले लपविली जातात, किंमत विचारताच घरचा माणूस चिडतो वा खोटे बोलतो. अशा वेळी ती हौस उरलेली नसते. ती व्याधी झालेली असते.

ही व्याधी आजची नव्हे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे वर्णन ‘ओनिओमेनिया’, म्हणजे खरेदीचे वेड, या नावाने केले. विविध देशांतील अभ्यासांचे २०१६ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा प्रौढांमधील तिचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास आढळले. हा दोष केवळ स्त्रियांचा, ही समजूतही चुकीची आहे. पुरुषही तिच्या आहारी जातात.

तिचे मूळ बहुधा मनाच्या अस्वस्थतेत असते. उदासी, एकाकीपणा किंवा न्यूनगंड विसरण्यासाठी माणूस खरेदी करतो. वस्तूपेक्षा ती मिळण्याच्या अपेक्षेतच सुख अधिक असते. वस्तू हाती येताच ते ओसरते, मागे अपराधीपणा उरतो आणि तो बुजविण्यासाठी पुन्हा खरेदी होते.

या दुर्बलतेला भोवतालची संस्कृती खतपाणी घालते. फ्रेंच विचारवंत देनी दिदेरो यांनी अठराव्या शतकातच आपला अनुभव लिहून ठेवला. सुंदर नवा झगा येताच त्यांना घरातील जुने सामान विजोड वाटू लागले आणि एकामागून एक वस्तू बदलत गेल्या. भारतात १९९१ नंतर बाजारपेठ खुली झाली. पुढे क्रेडिट कार्ड, सुलभ हप्ते आणि मोबाईलवरील खरेदी सर्वत्र पसरली. रोख रक्कम मोजताना हाताला जाणवणारा खर्च कार्डामुळे जाणवेनासा होतो. ऋण काढून सण करू नये, असे बजावणाऱ्या समाजात कर्ज हीच प्रतिष्ठा ठरू लागली. शेजाऱ्याच्या घरातील वस्तूंवरून स्वतःची किंमत ठरविणारा माणूस कधीच तृप्त होत नाही. पुत्राचे तारुण्य घेऊनही अतृप्त राहिलेल्या ययातीची कथा हेच सांगते.

उपाय आहेत. विचार आणि वर्तन यांना वळण लावणाऱ्या मानसोपचारांचा अनेक रुग्णांना लाभ झाला आहे. कार्ड दूर ठेवणे, रोखीने व्यवहार करणे, खर्च रोज लिहिणे आणि मनात आलेली खरेदी काही दिवस लांबणीवर टाकणे, हे घरी करता येते. परंतु कर्ज वाढत असेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यास संकोच नसावा. शासनाची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

कुटुंबाने मात्र उपहास टाळावा. उधळ्या म्हणून हिणवलेला माणूस आणखी लपवू लागतो. त्याच्याजवळ बसून, ‘तुला नेमके काय सलते आहे?’ असे कोणी आपुलकीने विचारले, तर सुटकेची वाट तेथूनच सुरू होते.